बाद फेरी: २२ संघ, एक मैदान, आखणी कशी करावी? (भारताचा सुपर कप, इंग्लंडचा एफए कप, जर्मन कपच्या २०२४–२५ मोसमाचे दाखले हवेत)

ऐरोलीकर
मंडळी, ठाणे–कळवा–ऐरोली–घणसोली ते नेरूळ या पट्ट्यातल्या २२ संघांची अकरा जणांची फुटबॉलची बाद फेरी डिसेंबरात घ्यायची आहे. मैदान एकच, लाल मातीचं, फ्लडलाइट नाहीत. मिळणार फक्त शनिवार-रविवार. गेल्या मोसमातल्या मोठ्या कप स्पर्धा समोर ठेवून नियमावली लिहायला बसलो आहोत. प्रश्न असे:
सोडत कशी काढायची? बाय, म्हणजे न खेळता पुढच्या फेरीत प्रवेश, कोणाला? बरोबरी झाली तर जादा वेळ द्यायचा की थेट पेनल्टी? गतविजेत्याला थेट उपांत्यपूर्व फेरीत घ्यावं असं काही जणांचं म्हणणं आहे, ते योग्य आहे का? आणि कुठल्या चुकांमुळे स्पर्धा तक्रारींत अडकते?

गणितगोल
सोडतीपासून सुरुवात करतो, कारण इथे चूक झाली की पुढचं सगळं वाकडं जातं.

बाद फेरीत दर सामन्याला एकच संघ बाहेर जातो, म्हणून सामने संघांपेक्षा नेहमी एकने कमी. तुमचे २१. जर्मन कपमध्ये ६४ संघ आणि ६३ सामने, हिशेब तोच.

२२ च्या वरची दोनाची घात संख्या (२, ४, ८, १६, ३२ यांतली) ३२, म्हणून बाय ३२ वजा २२, म्हणजे १०. उरलेले १२ संघ पहिल्या फेरीत ६ सामने खेळतील. सहा विजेते आणि दहा बायवाले मिळून १६. त्यापुढे ८, ४, २, १. बाय फक्त पहिल्या फेरीत संपवा. पुढच्या फेऱ्यांत विषम संख्या उरली आणि तिथे बाय द्यावी लागली, तर एखादा संघ न खेळता उपांत्य फेरीत पोचतो. पहिल्याच एफए कपला, १८७१–७२ ला, हे घडलं आहे. १५ संघांची नोंद होती आणि ग्लासगोचा क्वीन्स पार्क एकही सामना न जिंकता उपांत्य फेरीत आला.

आता नेमकी मांडणी. तक्त्याचे चार चतुर्थांश करा आणि संघ ६, ५, ६, ५ असे वाटा. सहाच्या गटात २ बाय आणि पहिल्या फेरीचे २ सामने. पाचच्या गटात ३ बाय आणि १ सामना. बेरीज करा: बाय १०, सामने ६. असं वाटलं की पहिल्या फेरीतला प्रत्येक विजेता पुढे बायवाल्याशीच खेळतो आणि दोन बायवाले आपापसात भिडतात असे सामने दोनच राहतात. चिठ्ठ्या नुसत्या ओळीने लावत गेलात तर एका कोपऱ्यात सगळे बायवाले गोळा होतात आणि दुसऱ्या कोपऱ्यात एकही बायवाला उरत नाही. भांडणं तिथूनच सुरू होतात.

गतविजेत्याचं: उघड विरोध. १८७२–७३ ला इंग्लंडमध्ये गतविजेत्या वाँडरर्सना थेट अंतिम सामन्यात बसवलं होतं. तो प्रकार पुन्हा कधी झाला नाही. गतविजेत्याला पहिल्या फेरीची बाय द्या, त्याहून जास्त काही नको. सुपर कप २०२५ मध्ये गतविजेता ईस्ट बंगाल पहिल्याच दिवशी, २० एप्रिलला, केरळा ब्लास्टर्सकडून ०–२ ने हरून बाहेर पडला. कप स्पर्धेत गतविजेत्याला एवढंच संरक्षण असतं.

खाडीपलीकडे
गणितगोल, तक्ता उत्तम. पण दहा बाय कोणाला द्यायच्या हे तुम्ही सांगितलंच नाही आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे.

बलवान संघांना बाय दिल्या की स्पर्धेतला जीव जातो. जर्मन कपचं बघा. पहिल्या फेरीला दोन भांडी असतात. एकात पहिल्या विभागाचे १८ आणि दुसऱ्या विभागातले वरचे १४, दुसऱ्यात बाकी ३२. एका भांड्यातून एक, दुसऱ्यातून एक. म्हणजे मोठे संघ पहिल्या दिवसापासून मैदानात उतरतात, तेही दुसऱ्याच्या मैदानावर, कारण तिसऱ्या किंवा त्याखालच्या विभागातल्या संघाची गाठ वरच्या दोन विभागांतल्या संघाशी पडली की सामना खालच्या संघाच्या घरी होतो. सोडतीत चिठ्ठी उलटी निघाली तरी मैदान बदलतं.

२०२४–२५ ला आर्मिनिया बिलेफेल्ड या तिसऱ्या विभागातल्या संघाने याच नियमाचं सोनं केलं. हॅनोव्हर २–०, युनियन बर्लिन २–०, फ्रायबुर्ग ३–१, वेर्डर ब्रेमेन २–१ आणि उपांत्य फेरीत आदल्या वर्षीचा विजेता लेव्हरकूझन २–१. पाचही सामने स्वतःच्या मैदानावर. २४ मे २०२५ ला बर्लिनमध्ये श्टुटगार्टकडून ४–२ ने हरले. अर्ध्या तासाच्या आत ०–३ मागे पडले होते, मग ०–४, आणि शेवटच्या दहा मिनिटांत दोन गोल परत केले. बर्लिनचं मैदान दोघांनाही परकं होतं, त्यामुळे नियमाचा आधार तिथे संपला.

तुमचं मैदान एकच, त्यामुळे हा नियम जसाच्या तसा लागू होणार नाही. पण वेळ निवडायचा हक्क खालच्या संघाला देता येतो. नेरूळच्या संघाला ऐरोलीत सकाळी साडेसातला उभं राहायचं तर पहाटे पाचला उठावं लागतं. तो फरक मैदानावर दिसतो.

गणितगोल
खालचा संघ ठरवणार कोण? जिल्हा लीगची शेवटची क्रमवारी असेल तर ठीक. नसेल तर आयोजकांनी आपल्या मनाने मानांकन देऊ नये. सगळ्या २२ चिठ्ठ्या एकाच भांड्यात टाका आणि बायही चिठ्ठीनेच द्या.

खाडीपलीकडे
क्रमवारी लेखी असेल तरच मानांकन, हे मान्य. पण असेल तर खालच्यांना बाय आणि वरच्यांना पहिली फेरी, हा माझा आग्रह कायम.

शिट्टी
पंचांच्या बाजूने लिहितो. जादा वेळ की थेट पेनल्टी, हे तत्त्वाने नाही, सूर्याने ठरवा. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. ३५–३५ मिनिटांचे दोन डाव, १० मिनिटं मध्यंतर, वाया गेलेला वेळ ५ मिनिटं: ८५ मिनिटं. शूटआउटला १५ धरा. म्हणजे १००, आणि पुढच्या संघांना मैदान द्यायला ५. एक सामना म्हणजे पावणेदोन तास. त्यामुळे वेळा अशा: ७.३०, ९.१५, २.३०, ४.१५. शेवटचा सामना शूटआउटसह ५.५५ ला संपतो. ही शेवटची मर्यादा आहे. ४.१५ चा सामना वीस मिनिटं उशिरा सुरू झाला तर पाचवी पेनल्टी संधिप्रकाशात मारली जाते. गोलरक्षकाला चेंडू पायातून सुटताना दिसत नाही आणि हरलेला संघ तक्रार करतो. तक्रार खरी असते.

म्हणून जादा वेळ फक्त अंतिम सामन्याला, १०–१० मिनिटांचे दोन डाव. फ्रेंच कपने २०२०–२१ पासून हेच केलं आहे, अंतिम सामना सोडून जादा वेळ नाही. एफए कपने २०२४–२५ पासून मुख्य स्पर्धेतले फेरसामने बंद केले. फेरसामन्याचा विचार तुम्ही करूच नका. १९७१ ला पात्रता फेरीत अल्वेचर्च आणि ऑक्सफर्ड सिटी यांचा निकाल सहाव्या सामन्यात लागला होता. वर मी ज्या क्वीन्स पार्कचा उल्लेख वाचला, तो वाँडरर्सशी ०–० बरोबरी करूनही बाहेर पडला, कारण फेरसामन्यासाठी लंडनला पुन्हा यायला पैसे नव्हते.

आता शूटआउट. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून क्रम लिहून ठेवा.

पहिली नाणेफेक गोल ठरवायला. एका गोलासमोर खड्डा किंवा चिखल असेल तर पंच नाणं न उडवता दुसरा गोल घेऊ शकतो. दुसरी नाणेफेक: जिंकणारा कर्णधार आधी मारायचं की नंतर हे ठरवतो. सामना संपताना मैदानावर असलेले खेळाडूच मारू शकतात. बाकावरचा नेमबाज शिट्टीनंतर आत येऊ शकत नाही, हे संघांना सामन्याआधी सांगा. एका संघाचे दहा उरले असतील तर दुसऱ्यानेही एक कमी करायचा आणि त्याचं नाव पंचाला द्यायचं. हा वगळलेला खेळाडू फक्त एका कामासाठी परत येऊ शकतो: त्यांचा गोलरक्षक खेळू शकत नसेल तर त्याच्या जागी. शूटआउट सुरू असताना कोणी लाल कार्डावर गेला तरी संख्या पुन्हा सारखी करायची.

गोलरक्षकासकट सगळ्यांनी एकदा मारल्याशिवाय कोणी दुसऱ्यांदा मारू शकत नाही. सामन्यातलं पिवळं कार्ड शूटआउटमध्ये मोजायचं नाही, म्हणजे सामन्यात एक आणि शूटआउटमध्ये एक मिळालं तर तो लाल होत नाही.

२०२५ च्या जुलैपासूनचा बदलही नोंदवा: पेनल्टी मारताना चेंडू चुकून दोन्ही पायांना लागला आणि गोल झाला, तर पेनल्टी परत. गोल झाला नाही, तर शूटआउटमध्ये चुकलीच धरायची. त्याच बदलात गोलरक्षकाने चेंडू हातात आठ सेकंदांपेक्षा जास्त धरला तर समोरच्याला कॉर्नर. शेवटची पाच सेकंदं पंच हात वर करून बोटांनी मोजतो. आपल्याकडच्या बऱ्याच गोलरक्षकांना हे अजून माहीत नसतं, सोडतीच्या दिवशी सांगून टाका.

कागदपत्र
तक्रारींचं उत्तर. मैदानावर जिंकून कागदावर हरण्याची दोन उदाहरणं तोंडपाठ असू द्या.

जर्मन कप २०२१–२२, पहिली फेरी. वोल्फ्सबुर्गने चौथ्या विभागातल्या म्युन्स्टरला जादा वेळेत ३–१ ने हरवलं. पण त्यांनी सहा बदली खेळाडू वापरले, परवानगी पाचांची होती. निकाल फिरवून म्युन्स्टरला २–० विजय दिला.

स्पेनचा कप २०१५–१६. रिअल माद्रिदने कादिझमध्ये ३–१ ने सामना जिंकला. चेरिशेव्ह त्यात खेळला आणि त्याने गोलही केला. पण आदल्या मोसमात दुसऱ्या क्लबकडून खेळताना याच स्पर्धेत मिळालेल्या तीन पिवळ्या कार्डांची बंदी त्याच्यावर बाकी होती. माद्रिद स्पर्धेबाहेर.

या दोन्हींवर उपाय स्वस्त आहेत. पहिला: सामन्याआधी प्रत्येक संघाच्या व्यवस्थापकाला बदलीच्या पाच चिठ्ठ्या द्या. बदली करायची की चिठ्ठी चौथ्या पंचाच्या हातात द्यायची. चिठ्ठ्या संपल्या की बदली संपली, मोजायचं कामच उरत नाही. बाहेर गेलेला खेळाडू परत आत येऊ शकतो का, तेही नियमावलीत लिहा. स्थानिक स्पर्धांत ये-जा चालवता येते, पण मग चिठ्ठ्यांचा हिशेब लागत नाही. ११ जणांच्या स्पर्धेत ये-जा नको असं माझं मत.

दुसरा: बंदीची एकच वही. त्यात तारीख, संघ, जर्सी क्रमांक, कार्ड आणि बंदी कोणत्या सामन्याला लागू हे लिहा. दर रविवारी रात्री तिचा फोटो व्यवस्थापकांच्या ग्रुपवर टाका. उपांत्यपूर्व फेरीनंतर एकेकटी पिवळी कार्डं पुसून टाका, म्हणजे अंतिम सामन्याला एखादा जण किरकोळ कार्डामुळे मुकणार नाही. लाल मात्र पुसायचं नाही. आणि गेल्या वर्षीची वही हाताशी नसेल तर गेल्या वर्षीची बंदी यंदा लावू नका.

नावनोंदणी: संघाला जास्तीत जास्त २० नावं, सोडतीआधी यादी बंद. सोडतीनंतर नावं घेतली की समोर कोण आला हे पाहून खेळाडू उसने आणले जातात. आपल्याकडे एकच मुलगा कळव्याच्या संघात आणि घणसोलीच्या संघातही नाव देतो, म्हणून २२ याद्या एका तक्त्यात ओढून आधार क्रमांकाच्या शेवटच्या चार आकड्यांनी आणि जन्मतारखेने ताडून पाहा. सामन्याआधी अर्धा तास ११ अधिक ७ नावांचा कागद घ्या आणि फोटोच्या पानाशी चेहरा जुळवा. मैदानावर सातपेक्षा कमी खेळाडू असले तर सामना सुरू होत नाही. किती मिनिटं थांबून पुढे चाल द्यायची, तो आकडा लिहून ठेवा. १५ पुरेत.

फक्की
लाल मातीवर रेषा मारणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे, सकाळी सहाला येऊन होत नाही. शुक्रवारी संध्याकाळी करा.

मैदान १०० × ६४ मीटर धरतो. आधी एक लांब बाजू दोरीने ताणा. काटकोनासाठी कोपऱ्यापासून एका बाजूला ६ मीटर, दुसरीला ८ मीटर मोजा. दोन टोकांतलं अंतर बरोबर १० मीटर भरलं की काटकोन झाला. चारही कोपरे झाले की दोन्ही कर्ण मोजा, दोन्ही ११८.७३ यायला हवेत. कर्णात दोन वितींचा फरक असेल तर पेनल्टी क्षेत्र तिरकं दिसतं आणि ऑफसाइडला रेषापंचाची नजर फसते.

गोल ७.३२ × २.४४. गोलखांबाच्या आतल्या कडेपासून १६.५ मीटर बाजूला आणि तितकंच आत, हे पेनल्टी क्षेत्र. लहान चौकट ५.५. पेनल्टीचा ठिपका ११. मधलं वर्तुळ आणि क्षेत्राबाहेरची कमान दोन्ही ९.१५ त्रिज्येची, पण कमानीचं केंद्र पेनल्टीचा ठिपका, क्षेत्राची रेषा नव्हे. ही चूक फार मैदानांवर दिसते. रेषा १२ सेंटिमीटरपेक्षा रुंद नको.

सगळ्या रेषांची लांबी मिळून साधारण ७०० मीटर होते. मीटरला ८० ते १०० ग्रॅम फक्की धरली तर ५६ ते ७० किलो लागते, आणि दर शनिवारी दुपारी पेनल्टी क्षेत्रं पुन्हा मारावी लागतात. कळीचा चुना वापरू नका. घसरलेल्या खेळाडूच्या खरचटलेल्या गुडघ्याला आणि डोळ्याला तो भाजतो. दुकानात मैदानाची फक्की म्हणून मागा.

पाणी आदल्या रात्री भरपूर, आणि दुपारच्या सामन्याआधी साडेबाराला हलका शिडकावा. दोन वाजता टँकर फिरवला तर वरचा थर चिकट होतो आणि गोलासमोर पाय सरकतात.

आणि गोलखांब. उचलून ठेवायचे लोखंडी खांब असतील तर मागच्या पट्टीवर प्रत्येक बाजूला वाळूची पोती टाका आणि खुंट्यांनी जखडा. सामने नसताना लहान मुलं आडव्या दांड्याला लोंबकळतात आणि खांब पुढे कोसळतो. रात्री खांब पालथे घालून साखळीने बांधून ठेवा. यात कुचराई नको.

खाडीपलीकडे
राखीव दिवस ठेवाच. जर्मन कप २०२३–२४ ला तिसऱ्या विभागातल्या झारब्र्युकेनने बायर्नला २–१ ने हरवलं होतं. त्यांचा ग्लाडबाखशी उपांत्यपूर्व सामना फेब्रुवारीत मैदानात पाणी साचल्यामुळे ऐन वेळी रद्द झाला आणि थेट १२ मार्चला खेळवला. त्यांना मोसमात जागा होती म्हणून जमलं. डिसेंबरात आपल्याकडे पाऊस नसतो, पण मैदानावर अचानक लग्नाचा मांडव पडतो.

ऐरोलीकर
सगळ्यांचे मनापासून आभार. लीगची क्रमवारी लेखी मिळाली आहे, त्यामुळे खाडीपलीकडे यांचा आग्रह मान्य: खालचे दहा संघ बायवाले, बाकी १२ पहिल्या फेरीत. गतविजेता त्या १२ मध्येच. तक्ता ६-५-६-५. कच्चं वेळापत्रक:
पहिली फेरी: शनिवार ६ डिसेंबरला ४, रविवार ७ ला २.
दुसरी फेरी: १३ ला ४, १४ ला ४.
उपांत्यपूर्व: शनिवार २० ला ४, २१ राखीव.
उपांत्य: २८ ला २.
अंतिम: ४ जानेवारी, दुपारी ३. जादा वेळ असेल म्हणून सव्वाचारची वेळ घेतली नाही.
पंचांच्या दोन तुकड्या, प्रत्येकी चार, आलटून पालटून.

कागदपत्र
६ डिसेंबर बदला. महापरिनिर्वाण दिन आहे. दादरकडे जाणाऱ्या गाड्या भरलेल्या असतात आणि तुमचे कितीतरी खेळाडू व त्यांचे घरचे चैत्यभूमीवर जातील. सगळं एक आठवडा पुढे सरकवा, अंतिम सामना ११ जानेवारी.

शिट्टी
सहमत. दोन्ही उपांत्य सामने एकाच दुपारी घ्या, २.३० आणि ४.१५, म्हणजे दोघांनाही अंतिम सामन्याआधी सारखी विश्रांती मिळते. आणि रविवारच्या सकाळचे सामने पक्के करण्याआधी ट्रान्सहार्बर रेल्वेमार्गाचा मेगाब्लॉक बघा. ब्लॉक असेल तर नेरूळ-वाशीकडच्या संघांना ७.३० ला ठेवा, ते ब्लॉक सुरू व्हायच्या आधी ऐरोलीला उतरतात. २.३० ला ठेवलं तर ते नेमके ब्लॉकमध्ये अडकतात. ठाण्याकडच्या संघांना कळवा-ऐरोली रस्त्याने रिक्षा मिळते, ते दुपारी चालतील.

ऐरोलीकर
तारखा एक आठवडा पुढे घेतल्या. उपांत्य सामने ४ जानेवारीला, दोन्ही दुपारी. पहिल्या फेरीत नेरूळचे दोन संघ आहेत, त्यांना रविवार १४ ला ७.३० आणि ९.१५ दिले. बदलीच्या चिठ्ठ्या छापायला टाकल्या: २१ सामने, दोन संघ, पाच चिठ्ठ्या, एकूण २१०.

फक्की
२५० छापा. ओल्या हाताने फाटतात.